शेतातले साइट ऑफिस : वणा नदीवरील पुलाच्या कामाच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

हिंगणघाट तालुक्यात वणा नदीवर व्हायच्या पुलासाठी साइट ऑफिसची जागा आज पक्की झाली. रस्त्याला लागून असलेल्या शेतातील तीस गुंठे जमीन सोळा महिन्यांच्या कराराने भाड्याने घेतली आहे. तिच्यातील बारा गुंठ्यांवर ऑफिस, प्रयोगशाळा आणि भांडार उभे राहील. उरलेल्या जागेत सळई कापण्या-वाकवण्याचे यार्ड आणि वाहनतळ असेल. पुलाच्या कामाची नोंदवही वेगळी आहे. ही वही केवळ ऑफिसची. ती स्वतंत्र ठेवण्याचे कारण असे की, तात्पुरत्या ऑफिसविषयीचे जवळपास सगळे निर्णय पहिल्या पंधरवड्यात, ‘वर्ष-दीड वर्षाचा तर प्रश्न आहे’ असे म्हणत घाईघाईने उरकले जातात आणि त्यांची किंमत मात्र काम संपेपर्यंत रोज डिझेलमध्ये, विजेत आणि पाण्यात मोजावी लागते. केबिन एकदा जागेवर टेकली की ती फिरवायला कोणी हायड्रा क्रेन देत नाही, आणि जनरेटर एकदा बसला की सगळ्या केबल त्याच्याच दिशेने ओढल्या जातात. म्हणून पहिला कंटेनर फाटकातून आत येण्यापूर्वी जे ठरवता येईल ते ठरवायचे, असे प्रकल्प व्यवस्थापकांशी बोलून निश्चित केले.

आज आखणी केली. पुराची आजवरची कमाल पातळी पाहून ऑफिस शेताच्या उंच कोपऱ्यात घेतले. चारही केबिनची वीस फुटांची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली आहे, त्यामुळे खिडक्या उत्तर-दक्षिणेला येतात आणि दुपारनंतरच्या उन्हासमोर फक्त दहा फुटांची आखूड भिंत राहते. त्याच बाजूला बांधावर कडुनिंबाचे मोठे झाड आहे. पहिल्या आराखड्यात ट्रेलर वळवायला ते आड येत होते. फाटकाची जागा रस्त्यालगत थोडी पुढे सरकवली, तेव्हा झाडही राहिले आणि ट्रेलरलाही वळण मिळाले. या दोन गोष्टींना एक पैसाही खर्च आला नाही. मात्र महिनाभरानंतर सुचल्या असत्या तर कितीही पैसे मोजून त्या करता आल्या नसत्या.

१९ जानेवारी २०२४

पऱ्हाटी उपटून झाल्यावर बारा गुंठ्यांवरील वरची वीस सेंटिमीटर काळी माती जेसीबीने हळूहळू काढून घेतली आणि बांधाकडेला तिचा लांबट ढीग लावला. हिशेबाने ही माती दोनशे चाळीस घनमीटरच्या आसपास भरते. ढिगाची उंची दीड मीटरच्या वर जाऊ दिली नाही, कारण उंच ढिगात खालची माती दबते, तिला हवा मिळत नाही आणि तिच्यातील जीवसृष्टी मरते. पावसाळा लागला की ढिगावर ताग पेरायचा आहे, म्हणजे धूप थांबेल आणि नत्रही मातीत राहील.

या जागेवर दहा सेंटिमीटरचा पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, टाकावा, अशी सूचना अपेक्षेप्रमाणे आली. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, केबिन कलतात आणि दारे अडकतात, हा अनुभव सर्वांचा आहे, आणि त्यावर काँक्रीटची लादी हा सरधोपट उपाय आहे. पण केबिनखाली आणि येण्याजाण्याच्या वाटांवर मिळून तीनशे चौरस मीटर लादी धरली तरी तीस घनमीटर काँक्रीट होते, आणि ते सोळा महिन्यांनी ब्रेकरने फोडून कुठेतरी टाकावे लागते. शेतात राहिलेले तुकडे पुढे कित्येक वर्षे नांगराच्या फाळाला लागत राहतात. आम्ही जिओटेक्स्टाइल कापड अंथरून त्यावर तीस सेंटिमीटर मुरूम दाबून घेतला आणि केबिनच्या कोपऱ्यांखाली व मधोमध सुटे काँक्रीट ठोकळे ठेवले. कापडाचा उपयोग एवढाच की मुरूम काळ्या मातीत रुतत नाही आणि शेवटी तो सगळा उचलता येतो. भोवती उताराचा चर खणला आहे. मातीवरचे वजन बेताचे आणि मातीतला ओलावा शक्य तितका सारखा ठेवला की ती फारशी हलत नाही.

२ फेब्रुवारी २०२४

नव्या केबिन मागवल्या नाहीत. नुकत्याच संपलेल्या एका रस्त्याच्या कामावरच्या चार जुन्या पोर्टा केबिन आज ट्रेलरवरून आल्या. पोलादी चौकट आणि बाहेरचा पत्रा उत्तम स्थितीत आहे. मात्र तळाचा प्लायवूड कुजलेला आहे आणि छताच्या सांध्यांतून पाणी झिरपल्याचे डाग आहेत. जुन्या केबिनबद्दल सगळ्यांची तक्रार एकच असते, ती म्हणजे उकाडा. त्याचे कारण पाहण्यासाठी पहिल्या केबिनच्या आतले एक फळीकाम काढले. पत्रा आणि आतली फळी यांच्या मधल्या पोकळीत पन्नास मिलिमीटरची ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारी काचतंतूंची लोकर, होती, पण ती वाहतुकीच्या हादऱ्यांनी खाली बसत बसत भिंतीच्या तळाशी गोळा झाली होती आणि वरची दीड फूट पोकळी पूर्ण रिकामी होती. हाताने चाचपले तर वरच्या भागात उन्हाने तापलेला पत्रा थेट बोटांना लागत होता. छताच्या पोकळीतही वूल मधल्या मधे फाटली होती. केबिन ‘इन्सुलेटेड’ म्हणूनच खरेदी झाली असणार. पण उष्णतारोधक थर जिथे हवा तिथे नसेल, तर कागदावरच्या जाडीला काही अर्थ उरत नाही.

चारही केबिनचे अस्तर उघडले. हातमोजे आणि मास्क घालून जुनी वूल बाहेर काढली, जी धड होती ती पुन्हा भरली आणि ती घसरू नये म्हणून दर दोन फुटांवर आडव्या लाकडी पट्ट्या मारल्या. कमी पडलेल्या जागी एका शीतगृहाच्या कामातून उरलेले पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेलचे तुकडे मापाने कापून बसवले. पफची उष्णतारोधकता ग्लासवूलपेक्षा चांगली असते, पण त्याचे पुढे काही करता येत नाही. नवे पफ पॅनेल घेऊन दीड वर्षाने भंगारात टाकणे मला मान्य नव्हते. तुकडे आधीच उरलेले होते, त्यामुळे ते वापरले. तळासाठी सिमेंट आणि लाकडाच्या चुऱ्याचा बायसन बोर्ड घेतला, तो ओलाव्याला टिकतो आणि स्क्रूने बसवल्यामुळे पुन्हा काढता येतो. या कामावर कुठेही वेल्डिंग करायचे नाही, जे जोडायचे ते नट-बोल्टने, असा नियम सुतारांना आणि फॅब्रिकेटरला घालून दिला आहे.

१६ फेब्रुवारी २०२४

महावितरणची तात्पुरती जोडणी आज सुरू झाली. करार झाला त्याच आठवड्यात अर्ज दिला होता, म्हणून ती वेळेवर मिळाली. एरवी बहुतेक कामांवर आधी जनरेटर येतो, मग माणसे येतात आणि विजेचा अर्ज सर्वांत शेवटी कोणाला तरी आठवतो. तोपर्यंत ऑफिसचे दिवे, संगणक आणि एसी काँक्रीट बनवणाऱ्या बॅचिंग प्लांटच्या सव्वाशे केव्हीएच्या जनरेटरवर चालतात. हे किती महाग पडते ते नोंदवून ठेवण्यासारखे आहे. आमच्या ऑफिसची गरज रोजची साधारण पंचवीस युनिट आहे. सव्वाशे केव्हीएचा सेट इतक्या किरकोळ भारावर चालवला तरी तासाला चार-पाच लिटर डिझेल घेतो, म्हणजे दहा तासांत पंचेचाळीस लिटरच्या घरात. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे पंचवीस युनिटसाठी रोज एकशेवीस किलो. तीच वीज ग्रिडमधून घेतली तर देशाच्या सरासरीने युनिटला सुमारे ०.७ किलो धरून साडेसतरा किलो होतात. आपल्याकडची वीज मुख्यत्वे कोळशाची आहे, चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र येथून फार दूर नाही, आणि तरीही कमी भारावर चालणाऱ्या मोठ्या जनरेटरपेक्षा ती कितीतरी बरी ठरते. शिवाय क्षमतेच्या तीस टक्क्यांच्या आत सतत चालवलेल्या इंजिनात अर्धवट जळलेले इंधन आणि काजळी साठते, ते वेगळेच.

वीज गेल्यावर लागणारा आधार म्हणून पंधरा केव्हीएचा स्वतंत्र सेट घेतला आहे. प्लांटच्या जनरेटरवरून ऑफिसकडे केबल ओढायची नाही. पहिल्या केबिनवर ५४० वॉटची सहा सौर पॅनेल बसवली, म्हणजे एकूण ३.२४ किलोवॉट. आपल्या भागात एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, तेव्हा तेरा युनिटपर्यंत अपेक्षा ठेवता येईल. पॅनेल छताला चिकटवली नाहीत. केबिनच्या कोपऱ्यांना बोल्टने जोडलेल्या चौकटीवर छतापासून एक फूट उंच ठेवली आहेत. त्यामुळे खालून हवा खेळते आणि छतावर सावली पडते. पॅनेल जितके तापते तितकी त्याची वीज घटते, पंचवीस अंशांच्या पुढे दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा आकडा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

१४ मार्च २०२४

उरलेल्या तीन छतांना उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग दिला. चुना स्वस्त पडला असता, परंतु जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्यावर तो धरत नाही, पहिल्या पावसात पापुद्रे निघतात. त्यानंतर दुसऱ्या केबिनवर रंगाच्या वर बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घातला, पत्रा आणि तट्टा यांत हातभर अंतर ठेवून. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा बांबू इथे सहज मिळतो आणि तट्टे विणणारे कारागीरही आहेत. तुराट्यांचे किंवा गवताचे शाकार अधिक थंड झाले असते, पण वरून विजेच्या तारा जातात आणि शेजारी जनरेटर आहे. आगीचा धोका पत्करायचा नाही.

आज दुपारी अडीच वाजता, हवेचे तापमान ३७ अंश असताना, मोजमाप घेतले. उघडा जीआय पत्रा ६१ अंश, पांढरा रंगवलेला पत्रा ४५ अंश, आणि रंगासह मांडवाखालचा पत्रा ३९ अंश. उघड्या पत्र्याचे माप भांडाराच्या बाहेर ठेवलेल्या सुट्या पत्र्यावर घेतले. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर रोखला तर तो खूप कमी तापमान दाखवतो, कारण असा धातू उष्णता बाहेर टाकण्यात कंजूष असतो. म्हणून पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून, तो तापू देऊन, त्या टेपवर माप घ्यावे लागते. कोणी हीच तुलना दुसरीकडे करणार असेल तर हे पाळावे, नाहीतर उघडा पत्राच थंड असल्याचा निष्कर्ष निघेल.

१२ एप्रिल २०२४

ऑफिसमध्ये एसी असावा की कुलर, हा विषय पंधरा दिवस चालला होता. विदर्भात उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्यांचा कुलर उत्तम काम करतो. दुपारी ४३ अंश तापमान आणि पंधरा टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फुग्याचे तापमान, म्हणजे नुसते पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते ते, बावीसच्या आसपास येते, आणि बरा कुलर या दोहोंतील फरकाचा सत्तर टक्के भाग कापतो, म्हणजे आत येणारी हवा २८ अंशांच्या जवळ. यासाठी एका कुलरला दोनशे वॉट पुरतात. दीड टनाच्या एसीला त्याच्या सात-आठ पट लागतात. सौर विजेवर कुलर दिवसभर निवांत चालतो. एकच अट आहे, ती म्हणजे समोरची खिडकी उघडी हवी. कुलर लावून दारे-खिडक्या बंद करण्याची सवय सर्वत्र आहे, आणि मग अर्ध्या तासात खोलीत घाम सुटू लागतो. मीटिंगच्या केबिनमध्ये खिडकीला अडसर लावून ती बंदच होणार नाही अशी व्यवस्था केली आहे.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. भर उन्हात एक कुलर तासाला वीस लिटर पाणी उडवतो. दोन कुलर आठ तास चालले तर दिवसाला तीनशे लिटरच्या पुढे जाते. वीज वाचवून पाणी घालवायचे का, अशी शंका प्रकल्प व्यवस्थापकांनी घेतली, आणि ती रास्त होती. रस्त्यावर धूळ बसवण्यासाठी दहा हजार लिटरचा टँकर रोज फिरतो; पोचरस्त्याच्या वळणावर खडी पसरून त्याची एक फेरी दोन दिवसांआड केली, त्यात कुलरचे पाणी अनेक पटींनी भरून निघाले. कुलरला पिण्याचे पाणी घालायचे नाही, बोअरचे घालायचे. ते जड असल्यामुळे दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून क्षार काढावे लागतात, आणि ते पाणी कडुनिंबाच्या आळ्यात जाते.

पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातून जेवढे शुद्ध पाणी मिळते त्याहून जास्त बाहेर टाकले जाते. ते क्युअरिंगला, म्हणजे नवे काँक्रीट ओले ठेवायला, वापरावे असे सुचवले गेले. ते मी नाकारले. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार प्रबलित, म्हणजे सळई घातलेल्या, काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि आरओमधून टाकलेल्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते पाणी शौचालयाच्या टाकीकडे वळवले आहे.

प्रयोगशाळा मात्र या सगळ्याला अपवाद आहे. चाचणीसाठी ओतलेले काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, २७ अंश अधिक-उणे दोन अंश तापमानाच्या पाण्यातच ठेवावे लागतात. त्यात सवलत नाही, कारण पुलाची ताकद आम्ही त्याच क्यूबवरून ठरवतो. तिथे एसी आहे आणि राहील. पण तो २४ वर नव्हे, २७ वर लावला आहे. २०२० पासून नवे एसी कारखान्यातून २४ अंशांवर लावून येतात, आणि एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. इथे प्रमाणसंहितेलाच २७ हवे आहेत, तरी बहुतेक साइटवर तो आकडा कोणी बदलत नाही. क्यूबची टाकी जुन्या ग्लासवूलच्या उरलेल्या तुकड्यांनी चारही बाजूंनी लपेटून फळ्यांच्या पेटीत बसवली, त्यामुळे रात्री एसी बंद ठेवला तरी सकाळी पाणी मर्यादेत सापडते.

२७ एप्रिल २०२४

आजची नोंद ऑफिसची नाही, कामगार वसाहतीची आहे. पण ती याच वहीत असायला हवी.

उन्हाळ्यात काँक्रीटिंग रात्री करावे लागते, म्हणजे पाइलवर (पुलाच्या पायाच्या खोल खांबांवर) काम करणारी माणसे पहाटे खोलीवर जातात आणि दिवसा झोपतात. त्यांच्या खोल्या जीआय पत्र्याच्या आहेत, भिंती पत्र्याच्या आणि छतही पत्र्याचे. दुपारी दोन वाजता मी तिथे गेलो. आत एकही माणूस झोपलेला नव्हता. सगळे बाहेर बाभळीखाली चटया टाकून पडले होते, सावली सरकेल तसे सरकत होते. आतल्या हवेचे तापमान ४४ अंश होते, बाहेरच्यापेक्षा दोन अंशांनी जास्त. रात्री पंधरा मीटर खोल पाइलच्या तोंडाशी उभे राहणारा माणूस दिवसा झोपलेला नसेल, तर पर्यावरणाच्या आधी हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ऑफिसमध्ये २८ अंशांच्या वाऱ्यात बसून शाश्वततेच्या नोंदी लिहायच्या आणि तीनशे मीटरवर ही स्थिती ठेवायची, हे मला कोणत्याही हिशेबात बसवता आले नाही.

प्रकल्प व्यवस्थापकांना दुपारी तिथेच नेले. संध्याकाळी मंजुरी मिळाली. वसाहतीच्या सर्व छतांना पांढरा रंग, पश्चिमेच्या भिंतींना बाहेरून तट्टे, माथ्याखाली दोन्ही टोकांना वीतभर जाळीदार फट आणि प्रत्येक खोलीत कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा. साध्या पंख्याला पाऊणशे वॉट लागतात, याला तीसच्या आसपास. जोडणीचा भार न वाढवता पंख्यांची संख्या दुप्पट झाली. दिवसा झोपणाऱ्यांसाठी एक लांब खोली राखून तिला दोन कुलर दिले. पऱ्हाटीच्या चुलींऐवजी सामायिक स्वयंपाकघरात गॅस दिला आहे.

पुढच्या कामावर हा क्रम उलटा हवा. रंगाचा पहिला डबा वसाहतीच्या छतावर उघडावा.

२७ मे २०२४

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे. ऑफिसच्या केबिनमध्ये दुपारी तीनला ३० अंश, मांडव असलेल्या केबिनमध्ये २९. वसाहतीतल्या राखीव खोलीत दुपारी माणसे झोपलेली दिसली. सौर पॅनेलची वीज अपेक्षेपेक्षा थोडी कमी, दिवसाला बारा युनिटच्या आत आहे. पॅनेलवर धूळ बसते आणि उष्णतेनेही घट येते. पहाटे, पॅनेल थंड असताना, कोरड्या मऊ फडक्याने ती पुसण्याचे काम ठरवून दिले आहे.

३ जून २०२४

मृगाआधीची वादळे सुरू होण्याच्या बेतात आहेत. हवामान विभागाचा इशारा येताच सगळे तट्टे उतरवून भांडारात आडवे रचून ठेवले. पावसाळ्यात त्यांची गरज नाही आणि ओले तट्टे बुरशी धरतात.

१८ जुलै २०२४

पावसाळा नीट लागला आहे. कुलर जून अखेरीसच बंद केले. दमट हवेत ते नुसते ओल वाढवतात. आता पंखे आणि समोरासमोरच्या उघड्या खिडक्या पुरेशा होतात. केबिनच्या कोपऱ्यांची पातळी ऑटो लेव्हलने तपासली. सर्वाधिक फरक चार मिलिमीटर निघाला आणि सगळी दारे सुरळीत लागतात. मुरमाचा थर काळ्या मातीत गेलेला नाही.

चारही छतांचे पन्हाळ एकत्र करून दोन टाक्यांत सोडले आहेत. छतांचे क्षेत्र चौऱ्याहत्तर चौरस मीटर आहे, तेव्हा वीस मिलिमीटरच्या एका सरीत बाराशे लिटरच्या वर पाणी मिळते. ते शौचालयासाठी आणि वाहने धुण्यासाठी पुरते. जुलैत बोअर फारसा चालवावा लागलेला नाही. शौचालय जैवपाचक पद्धतीचे आहे. हे तंत्र डीआरडीओने मुळात बर्फाळ सीमेवरच्या जवानांसाठी विकसित केले आणि पुढे रेल्वेच्या डब्यांत ते आले. त्यातले जिवाणू फिनाइल आणि ॲसिडने मरतात. सफाई करणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात विचारले होते की फिनाइलशिवाय स्वच्छ कसे वाटणार. त्यांना लिंबाच्या सालींचे द्रावण करून दिले, त्याचा वास त्यांना पसंत पडला आणि टाकी व्यवस्थित चालू आहे.

मातीच्या ढिगावर ताग कमरेएवढा झाला आहे. शेतमालक काका आज येऊन पाहून गेले. ढिगात हात घालून त्यांनी माती कुस्करली आणि म्हणाले, “चांगली राहिली. पण मुरूम एक पाटीही मागे ठेवू नका, साहेब, नांगराले लागते.” फुलोऱ्यावर येताच ताग कापून तिथेच पसरायचा आहे.

४ सप्टेंबर २०२४

कचऱ्याची नोंद. कागद निम्म्यावर आला, कारण तपासणीचे अर्ज टॅबवर भरले जातात. नकाशे मात्र ए-वन आकारात छापावेच लागतात, सळई बांधणाऱ्या मिस्त्रीला पडद्यावर चालत नाही आणि त्याचे बरोबर आहे. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या भंगारवाला नेतो. चाचणीत फुटलेल्या क्यूबचा ढीग प्रयोगशाळेमागे वाढत होता. दीडशे मिलिमीटरचा हा ठोकळा दाबाखाली नीट फुटला की कडा सुटून डमरूसारखा आकार उरतो. ते डमरू चराच्या तळाशी आणि वाटांच्या कडेला रचले. काम संपल्यावर ते पोचरस्त्याच्या भरावातील दगडी अस्तरामागे जातील, शेतात राहणार नाहीत.

१२ डिसेंबर २०२४

वर्षाअखेरीस विजेचा आणि डिझेलचा ताळा पाहिला. उन्हाळ्यात ऑफिसची जवळपास निम्मी वीज सौर पॅनेलने दिली. जुलै-ऑगस्टमध्ये ते प्रमाण पावपर्यंत उतरले. लहान जनरेटर फक्त वीज गेल्यावर चालला, आणि त्याचे महिन्याचे डिझेल मोठ्या सेटच्या दोन-तीन दिवसांच्या डिझेलएवढे राहिले. सगळ्या खर्चात परतफेड सर्वांत लवकर झाली ती वेळेवर केलेल्या वीजजोडणीच्या अर्जाची. सौर पॅनेल पाहुण्यांना दाखवायला पुढे असते, छायाचित्रात तेच येते. पण या साइटवर सर्वांत जास्त डिझेल त्या अर्जाने, केबिनच्या दिशेने आणि भिंतीत पुन्हा भरलेल्या जुन्या वूलने वाचवले, आणि या तिन्हींचे छायाचित्र निघत नाही. पुढच्या कामांचे अंदाजपत्रक करणाऱ्यांनी पैसा याच क्रमाने लावावा, असे मुख्य कार्यालयाला लेखी कळवले आहे.

५ मे २०२५

पुलाचा स्लॅब पूर्ण झाला असून आता पोचरस्ते आणि कठडे शिल्लक आहेत. त्यासाठी एक केबिन रस्त्याच्या हद्दीत हलवली आणि शेत रिकामे करायला घेतले. या कामाच्या वेळी लागू असलेल्या १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याचे कलम ३४ सांगत होते की काम संपल्यावर कामगारांसाठी उभारलेली तात्पुरती बांधकामे नियोक्त्याने स्वखर्चाने काढून जमीन सपाट व स्वच्छ करून द्यावी. ऑफिसच्या जागेलाही आम्ही तोच नियम लावला. मुरूम कापडासकट उचलला गेला आणि पोचरस्त्याच्या बाजूपट्टीत वापरला. खालची जमीन केबिन आणि वाहनांच्या वजनाने घट्ट झाली आहे, म्हणून माती पसरण्याआधी ट्रॅक्टरला सबसॉयलर लावून खोलवर फोडली. त्यावर ढिगातील काळी माती वीस सेंटिमीटरच्या थरात परत पसरली. वाहनतळाच्या भागात डिझेल सांडलेल्या दोन जागा सापडल्या. तिथली माती वेगळी काढून अधिकृत विल्हेवाटीसाठी दिली. मातीचे नमुने तपासणीला पाठवले आहेत. खरिपाच्या पेरणीपूर्वी अहवाल काकांच्या हाती द्यायचा आहे.

१९ मे २०२५

तीन केबिन आज पुढच्या कामावर रवाना झाल्या. पॅनेलची चौकट नट-बोल्ट सोडवून अर्ध्या दिवसात उतरली. जाण्यापूर्वी प्रत्येक केबिनच्या भिंतीतला एक फळीतुकडा काढून पाहिला. आडव्या पट्ट्यांमुळे वूल जागची हललेली नाही. मात्र तिसऱ्या केबिनच्या छतातील एक सांधा पुन्हा झिरपू लागला आहे, तो तिथे पोहोचताच पावसाआधी बंद करावा. बायसन बोर्डच्या दोन लाद्या दारापाशी झिजल्या आहेत. जैवपाचक टाकी गाळासकट हलवू नये, रिकामी करून नवे विरजण घालावे. कुलरचे वाळ्याचे ताटे बदलावे लागतील, बांबूचे तट्टे आणखी एक उन्हाळा काढतील. नव्या जागेचा नकाशा मागवला आहे. त्यावर उत्तर दिशा आणि कामगार वसाहतीची जागा दाखवलेली नाही, ती आधी टाकून घ्यावी आणि वीजजोडणीचा अर्ज याच आठवड्यात द्यावा, असे तिथल्या अभियंत्यांना कळवले.